खालून आलेलं पाणी : ओल धरलेलं घर पुन्हा राहतं कसं करायचं?

आज आपण घरातल्या पाण्याबद्दल बोलणार आहोत. छपरातून गळणारं किंवा नाल्याला पूर येऊन दारातून शिरणारं पाणी नव्हे. हे पाणी जमिनीतून, खालून वर येतं. पाऊस थांबून चार दिवस झालेले असतात, बाहेर लख्ख ऊन पडलेलं असतं आणि तरी माजघराच्या कोपऱ्यात पाणी साचतं. फरशीच्या सांध्यांतून बुडबुडे येतात. सकाळी पुसून घेतलं तर दुपारी पुन्हा तेच. कणगीखालची जमीन मऊ पडते, भिंतीला कमरेपर्यंत ओल चढते आणि घरभर कुबट वास सुटतो.

आपला बुलडाणा जिल्हा तसा पाण्यासाठी तरसणारा. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्यांना घरात खालून पाणी येण्याचा त्रास खरा वाटत नाही. पण ज्या वर्षी पाऊस लांबतो, भाद्रपद-आश्विनातही झोडपत राहतो, त्या वर्षी अमडापूरसारख्या घाटावरच्या गावांत काय आणि घाटाखालच्या गावांत काय, सखल भागातल्या घरांना हा त्रास होतो. आणि तो नेमका नवरात्र-दिवाळीच्या तोंडावर होतो. घर सारवायचं, रंगवायचं, सणाला लेकी-जावई यायचे, आणि आपण घाई करतो. त्या घाईतच घराचं आणि माणसांचंही नुकसान होतं.

म्हणून आजच्या बोलण्यातलं एक वाक्य लक्षात ठेवा : आधी विहीर उतरू द्या, मग जमीन सुकू द्या, मग भिंत, आणि रंग सगळ्यात शेवटी. बाकी सगळं या वाक्याचाच उलगडा आहे.

पाणी येतं कुठून?

महाराष्ट्राचा 80 टक्क्यांहून अधिक भाग काळ्या बेसाल्ट खडकाचा आहे. हा खडक थरांनी बनलेला आहे. विहीर खोदताना आपण ते थर पाहतो. वर माती, मग मुरूम, मग भेगांचा खडक, मग जाळीदार मांजऱ्या, त्याखाली पक्का पाषाण, आणि मध्येच कुठेतरी लाल गेरूसारखा पट्टा. पाणी मुरमातून आणि भेगांतून मुरतं. पक्का पाषाण किंवा लाल पट्टा लागला की त्याला खाली जायला वाट मिळत नाही. मग ते आडवं सरकतं आणि उतार सापडेल तिथे बाहेर फुटतं. आपल्याच जिल्ह्यात लोणारच्या सरोवराकाठी ‘धार’ आहे. उंचावरच्या खडकात मुरलेलं पाणी तिथे काठातून बाहेर पडतं.

या खडकात पाणी साठवायला जागा थोडी असते. त्यामुळे चांगला पाऊस झाला की विहिरी भराभर चढतात. खडक भरला, मुरूम भरला, की पाणी मातीत येतं. माती भरली की पुढची जागा आपल्या घराची जमीन.

म्हणून विहीर ही जमिनीतल्या पाण्याची खिडकी आहे. विहिरीत पाणी जमिनीपासून चार हात खाली दिसत असेल, तर आसपासच्या जमिनीतही ते साधारण तेवढंच खाली आहे असं समजा. विहीर काठोकाठ भरली, तर तुमच्या फरशीखालीही पाणी उभं आहे.

जुन्या माणसांना हे ठाऊक होतं. आपल्याकडे ‘काळी’ आणि ‘पांढरी’ असे दोन शब्द आहेत. काळी म्हणजे शेताची जमीन, पांढरी म्हणजे गाव वसलेली जमीन. पांढरी बहुतेक करून उंचवट्यावर. जुन्या घरांची जोती काळ्या दगडाची आणि कमरेएवढी. घरात जायला चार पायऱ्या चढाव्या लागत. आता गाव वाढलं. नवी घरं गावाच्या कडेला काळ्या जमिनीवर, नाल्याजवळ, जुन्या शेतात उभी राहिली आणि जोतं आलं एक-दीड फुटावर. काळी माती ओली झाली की फुगते, सुकली की भेगाळते. तिच्यावरची फरशी पावसाळ्यात वर उचलली जाते, दारं चौकटीत अडकतात आणि उन्हाळ्यात भिंतीला तिरप्या भेगा पडतात. त्यामुळे एकाच गावात जुनी आळी कोरडी राहते आणि नव्या वस्तीत पाणी निघतं.

हे फक्त आपल्याकडेच घडतं असंही नाही. इंग्लंडच्या दक्षिण भागात खडूसारखा पांढरा खडक आहे. तिथे 2000-01 आणि 2013-14 च्या हिवाळ्यांत फार पाऊस झाला. पाणी घरांच्या जमिनीतून वर आलं आणि कित्येक ठिकाणी आठवडेच्या आठवडे उतरलं नाही. पंप लावूनही ते पुन्हा येत होतं. जमिनीतल्या पाण्यापुढे घाई चालत नाही.

हे पाणी खालचंच आहे हे कसं ओळखायचं?

पुराचं पाणी दारातून येतं. ते गढूळ असतं, चिखल सोडून जातं आणि बहुधा एक-दोन दिवसांत ओसरतं. 22 जुलै 2023 च्या अतिवृष्टीत संग्रामपूर, जळगाव जामोद भागात घरांत शिरलेलं पाणी तसं होतं. खालून आलेलं पाणी मात्र बऱ्याचदा निवळ असतं. ते कोपऱ्यातून, फरशीच्या सांध्यातून, चुलीच्या ओट्याच्या बुडातून येतं. उपसलं तरी तासाभरात पुन्हा जमतं. आणि त्या वेळी शेजारची विहीर भरलेली असते.

पाणी दिसत नाही, नुसती ओल आहे, तेव्हा एक सोपी परीक्षा घ्या. प्लास्टिकचा हातभर तुकडा जमिनीवर पसरा आणि चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद करा. एक दिवस-रात्र तसाच राहू द्या. दुसऱ्या दिवशी थेंब प्लास्टिकच्या खालच्या बाजूला असले, तर ओल जमिनीतून येते आहे. थेंब वरच्या बाजूला असले, तर ती हवेतली वाफ आहे. घर उघडं ठेवून, हवा खेळवून ती जाईल. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत, म्हणून आधी ही परीक्षा करा.

पहिल्या दिवशी काय करायचं?

पाणी दिसलं की बादली आणि खराट्याकडे धावू नका. आधी ही पाच कामं.

एक, वीज. हात कोरडे असतील आणि मेन स्विचपर्यंत कोरड्या पायांनी जाता येत असेल, तरच तो बंद करा. पाण्यात उभं राहून कोणत्याही बटणाला हात लावू नका. तिथवर जाता येत नसेल तर वायरमनला बोलवा. ओल भिंतीत चढते आणि त्याच भिंतीत खालचे सॉकेट असतात. पाणी गेलं तरी वायरिंग तपासल्याशिवाय फ्रीज, मोटर, कूलर लावायचा नाही.

दोन, भिंत. मातीची किंवा मातीत बांधलेली विटांची भिंत असेल तर तिचा पायथा बघा. माती निसटून खोबण पडली आहे का? भिंतीला पोट आलं आहे का? बोटाने ठोकल्यावर गिलावा पोकळ वाजतो का? नवी भेग पडली आहे का? यातलं एक जरी दिसलं तरी त्या भिंतीजवळ बाज टाकायची नाही, पाळणा बांधायचा नाही. दरवर्षी पावसाळ्यात झोपेत भिंत अंगावर पडून माणसं दगावतात. आणि भिंत पाणी असतानाच पडते असं नाही. पाणी ओसरल्यावर, माती सुकून आकसताना, ऊन पडलेलं असतानाही पडते. संशय असेल तर आठ दिवस शेजारी, नातेवाइकांकडे किंवा शाळेत झोपा. त्यात कमीपणा नाही.

तीन, साप-विंचू. बिळं पाण्याने भरली की तेही कोरडी जागा शोधत घरात येतात. सरपण, गोधड्या, पोती काठीने हलवल्याशिवाय उचलू नका.

चार, पिण्याचं पाणी. जमिनीतलं पाणी वर आलं म्हणजे ते शौचालयाच्या खड्ड्यालाही लागलं. विहीर आणि हातपंपाचं पाणी उकळूनच प्या. खळखळून उकळी फुटल्यावर निदान दोन मिनिटं उकळू द्या.

पाच, नोंद. सामान हलवण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. पाणी कुठवर आलं तिथे भिंतीवर खूण करून तारीख लिहा. तलाठ्यांना कळवून पंचनामा करून घ्या. पाणी किती दिवस घरात होतं, काय भिजलं, कोणती भिंत तडकली, हे पंचनाम्यात लिहिलं आहे का ते वाचून घ्या. दारातून पूर आला नाही म्हणून नुकसान झालंच नाही असं कोणी म्हटलं, तर ही खूण आणि हे फोटो बोलतील.

उपसण्याची घाई का नको?

घरातलं पाणी पाहून जीव वर-खाली होतो. शेजारून मोटर आणून एकदम उपसावं असं वाटतं. पण विचार करा. बाहेर जमिनीत पाणी उंच आहे आणि आत तुम्ही ते एकदम खाली नेलं, तर बाहेरचं पाणी जोराने आत धावणार. येताना ते जोत्याखालची बारीक माती सोबत घेऊन येणार. उपसलेलं पाणी गढूळ यायला लागलं, तर समजा की तुम्ही घराचा पायाच उपसता आहात. फरशी किंवा कोबा खालून दाबाने उचलला जाऊन तडकतो, तेही याचमुळे. वापरातलं पाणी बादलीने, कापडाने काढत राहा, चालायला पाट्या-विटा टाका. पण जमीन कोरडी करण्याचं काम विहीर उतरायला लागल्यावरच करा.

विहीर उतरते की नाही हे बघायला एक दोरी पुरे. दोरीला दर फुटावर गाठ मारा, टोकाला दगड बांधा आणि रोज सकाळी, मोटर सुरू होण्याआधी, काठापासून पाण्यापर्यंत किती गाठी होतात ते मोजा. पाणी रोज खाली जात असेल आणि तुमच्या जोत्याच्या तळापेक्षा निदान दोन हात खाली गेलं असेल, तर घरातल्या कामाला हात घाला.

जुन्या वाड्यांत तळघर असतं, कुठे धान्याचं जुनं पेवही असतं. तिथे पाणी भरलं असेल तर आणखी सांभाळा. तळघर एका दिवसात रिकामं करू नका. तिसरा हिस्सा काढा, दुसऱ्या दिवशी पाणी किती चढलं ते पाहा, मग पुढचं काढा. आणि पेवात कोणीही उतरायचं नाही. कुजलेल्या धान्याने तिथली हवा विषारी होते, माणूस उतरला की बेशुद्ध पडतो आणि त्याला काढायला उतरणाराही जातो.

आधी बाहेरची वाट मोकळी करा

विहीर उतरेपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं नाही. काम बाहेर आहे. छपराचं पाणी भिंतीच्या बुडाशी पडतं का? पत्र्याला पन्हळ लावून ते लांब सोडा. मोरीचं सांडपाणी दाराशी मुरतं का? ते वळवा. नाली गाळाने, प्लास्टिकने तुंबली आहे का? ती साफ करा. हे एका घराचं काम नाही, सगळ्या आळीचं आहे. वरच्या अंगाच्या घराने पाणी अडवलं किंवा सोडलं की ते खालच्या घराच्या पोटात जातं.

घराच्या वरच्या अंगाला, भिंतीपासून चार-पाच फूट सोडून चर काढता येतो. चर पायापेक्षा खोल नेऊ नका, नाहीतर पाया उघडा पडेल. त्यात खाली मोठी गिट्टी, वर बारीक गिट्टी भरा आणि नाल्याकडे उतार द्या. जमिनीतलं आडवं सरकणारं पाणी घराखाली येण्याआधी त्या चरात उतरतं.

आळीत पडून असलेली विहीर किंवा बोअर असेल, तर ती सलग काही दिवस चालवून आसपासचं पाणी थोडं खाली नेता येतं. पण ते पाणी लांब, खालच्या नाल्यात सोडा. वीस फुटांवर सोडलंत तर संध्याकाळपर्यंत ते तुमच्याच घराखाली परत येईल.

शौचालय आणि विहीर

जमिनीतलं पाणी चढलं की शौचालयाचा खड्डा मुरवायचं थांबतो. भांड्यातून पाणी उलटं येतं. दोन खड्ड्यांचं शौचालय असलं तरी दोन्ही खड्डे एकाच पाण्यात उभे असतात, त्यामुळे खड्डा बदलून फार उपयोग होत नाही. तेवढे दिवस उंचावरच्या शेजाऱ्यांचं किंवा सार्वजनिक शौचालय वापरा. सेप्टिक टँकही या काळात पूर्ण रिकामा करू नका. खालून पाण्याचा दाब असताना रिकामी टाकी उचलली जाऊ शकते, तिचे सांधे फुटतात.

विहिरीचं पाणी शुद्ध करायला ब्लीचिंग पावडर लागते. प्रमाण असं : दर 1000 लिटर पाण्याला 2.5 ग्रॅम चांगली, ताजी पावडर. दहा फूट व्यासाच्या विहिरीत सोळा फूट पाणी असेल तर ते साधारण 35,000 लिटर भरतं. त्याला 88 ग्रॅम, म्हणजे 100 ग्रॅमच्या थोडी आतच. घाण पाणी मिसळलं असेल तर पहिल्या वेळी दुप्पट. पावडर थेट टाकायची नाही. बादलीत कालवा, गाळ खाली बसू द्या, वरचं निवळ पाणी विहिरीत सोडा आणि बादली खाली-वर करून मिसळा. एक तास पाणी भरू नका. मग ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून क्लोरिनची तपासणी करून घ्या. ते होईपर्यंत उकळणं थांबवायचं नाही.

सफाई करताना

पक्की फरशी किंवा कोबा असेल तर आधी साबणाच्या पाण्याने घासा. मग 10 लिटरच्या बादलीत 150 ग्रॅम ब्लीचिंग पावडर कालवून त्या पाण्याने पुसा आणि दहा-पंधरा मिनिटांनी धुऊन टाका. हातात मोजे, नाकाला फडकं, खिडक्या उघड्या. ब्लीचिंग पावडरमध्ये संडास साफ करायचं ॲसिड चुकूनही मिसळू नका. त्यातून निघणाऱ्या विषारी वायूने श्वास कोंडतो.

अनवाणी काम करू नका. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून, पायाच्या जखमेवाटे लेप्टोस्पायरोसिसचा आजार शिरतो. पाण्यात काम केल्यावर महिनाभरात जोराचा ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं असं काही झालं, तर अंगावर काढू नका. आरोग्य केंद्रात जा आणि ‘मी पाण्यात काम केलं होतं’ हे आवर्जून सांगा. गरोदर बाया, दमेकरी आणि लहान मुलं यांना बुरशी झाडण्याच्या कामापासून लांब ठेवा. साचलेल्या पाण्यात आठवडाभरात डास तयार होतात, म्हणून आठवड्यातला एक कोरडा दिवस पाळा.

धान्याचं मन घट्ट करून पाहा. बुरशी लागलेले शेंगदाणे, मका, ज्वारी धुऊन-वाळवूनही खाण्यासारखी होत नाहीत. बुरशीचं विष उन्हाने किंवा शिजवल्याने पूर्ण जात नाही. गुराढोरांनाही घालू नका, ते विष दुधात उतरतं. सोयाबीनचं बियाणं ओलीत राहिलं असेल तर पेरणीआधी 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. सहा-सात दिवसांनी 70 पेक्षा कमी उगवले, तर ते बियाणं म्हणून धरू नका.

घर सुकवणं म्हणजे वाट पाहणं

दिवसा ऊन-वारा असताना समोरासमोरची दारं-खिडक्या उघडा. बाहेर दमट, पावसाळी हवा असेल तेव्हा बंद ठेवा. कपाट, कोठी, बाज भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. त्यांच्या मागेच बुरशी धरते. भिंत लवकर सुकावी म्हणून बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपू नका. तिचा धूर दिसत नाही, पण त्या विषारी वायूने माणूस झोपेतच जातो.

किती दिवस लागतील? जुन्या इमारतींची कामं करणारे एक ठोकताळा सांगतात : भिंतीच्या एका इंचाला एक महिना. दीड फुटाची भिंत दोन्ही बाजूंनी सुकते, म्हणजे प्रत्येक बाजूने नऊ इंच. म्हणजे जवळपास नऊ महिने! आपल्याकडचा उन्हाळा कडक असल्यामुळे काम काहीसं लवकर होतं, पण दिवाळीपर्यंत तर होत नाहीच. या दिवाळीला त्या भिंतीला रंग नको. दारात रांगोळी काढा, पणत्या लावा, आणि भिंतीला उघडी राहू द्या.

सिमेंटचा मोह

ओली भिंत दिसली की गवंडी म्हणतो, ‘सिमेंटने गिलावा मारून टाकू, ओल दिसणार नाही.’ बरोबर आहे, दिसणार नाही. पण ती जाणारही नाही.

समईची वात आठवा. तेल खाली असतं, पण वातीच्या धाग्यांतून ते ज्योतीपर्यंत चढतं. भिंतीच्या बारीक छिद्रांतून पाणी असंच वर चढतं. माती आणि चुन्याची भिंत ते पाणी बाहेर सोडते, वाऱ्याने ते उडून जातं. सिमेंटचा थर ती वाट बंद करतो. मग पाणी आत कोंडतं आणि आणखी वर चढतं. बाहेरून गिलावा चांगला दिसतो आणि आत मातीचा लगदा होत राहतो. अशी भिंत पडते तेव्हा आधी काही कळत नाही. म्हणून मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा असेल आणि तो पोकळ वाजत असेल, तर आधी भिंतीला आधार देऊन, जाणत्या गवंड्याकडून तो खालच्या तीन-चार फुटांत काढून घ्या. सुकल्यावर पुन्हा माती-भुशाचा किंवा चुन्याचा गिलावा करा. चुना विरवताना आणि लावताना डोळे सांभाळा, मुलांना दूर ठेवा.

भिंत सुकताना पांढरा खार फुटतो. पूर्णा नदीच्या खोऱ्यात, आपल्या घाटाखालच्या खारपाणपट्ट्यात जमिनीतलं पाणीच खारं आहे, तिथे तो जास्त फुटतो. हा खार पाण्याने धुऊ नका, तो पुन्हा आत जाईल. कोरड्या खराट्याने झाडा, कागदावर गोळा करा आणि लांब टाका, भिंतीच्या बुडाशी नको. खार फार असेल तर स्वच्छ माती आणि भुशाचा पातळ लेप द्या. तो सुकला की खार ओढून घेतो. मग लेप खरवडून फेकून द्या. असं दोन-तीनदा करा.

जमीन पुन्हा करताना

मातीच्या जमिनीला ओल असतानाच शेणाने सारवू नका. ओलीत शेण कुजतं आणि बुरशीला खाद्य मिळतं. शौचालयाचं पाणी मिसळलं असेल तर वरची तीन-चार इंच माती काढून टाका.

जमीन नव्याने करणार असाल तर थर असे द्या : खाली हातात मावतील असे दगड, त्यावर मोठी गिट्टी, त्यात माती किंवा चुरी मिसळायची नाही. मोठ्या दगडांमधल्या फटींतून पाणी वातीसारखं चढत नाही. ही वात तोडण्यासाठीच हा थर आहे. त्यावर मुरूम चोपून, मग माती, आणि शेवटी सारवण. कोबा करायचा असेल तर गिट्टीवर जाड प्लास्टिक पसरा, दोन तुकडे एकमेकांवर वीतभर चढवा आणि मग काँक्रीट टाका. पण एक लक्षात घ्या. पाणी जोत्यापर्यंत उभं राहत असेल, तर हे थर ओल अडवतील, पाणी अडवणार नाहीत. तिथे जमीन उंच करणं किंवा बाहेर चर काढणं हाच उपाय.

घरकुल मंजूर झालेल्या मैत्रिणींनी हे आताच ऐका. पाया मारण्याआधी त्या जागेजवळची विहीर पाऊसकाळाच्या शेवटी कुठवर भरते ते विचारा. त्यावरून जोत्याची उंची ठरवा. चार इंच फरशी कमी चकचकीत असली तरी चालेल, जोतं एक फूट उंच असू द्या. आणि छपराचं पाणी मुरवण्याचा खड्डा जरूर करा, पाणी मुरवायलाच हवं, पण तो भिंतीपासून निदान पंधरा फूट लांब आणि घराच्या खालच्या अंगाला.

गटाच्या वहीत एक रकाना

राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरावीक निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते : जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये. ती मोजणी जिल्ह्या-तालुक्याचं चित्र सांगते. तुमच्या आळीत पाणी फरशीला कधी टेकेल, हे तुमच्या आळीची विहीरच सांगू शकते.

आपल्या बचत गटाची बैठक दर महिन्याला होते. त्या वहीत एक रकाना वाढवा : विहिरीचं पाणी किती गाठींवर? पावसाळ्यात दर आठवड्याला मोजा. ज्या घराला त्रास होतो, त्या घरात पाणी निघालं त्या दिवशी विहीर किती गाठींवर होती, ते लाल शाईने लिहून ठेवा. पुढच्या वर्षी पाणी त्या गाठीच्या दोन हात खाली आलं की इशारा समजा. त्या घरातलं धान्य, बियाणं, कागदपत्रं, मुलांची पुस्तकं उंचावर न्या. नाल्या उपसून घ्या. कच्च्या भिंतीजवळची अंथरुणं हलवा. याच वहीच्या आधारे ग्रामसभेत नालीसाठी, चरासाठी ठराव मांडा. ‘आमच्याकडे ओल येते’ असं म्हटलं तर ऐकून सोडून देतात. तारखा आणि गाठी मांडल्या की उत्तर द्यावं लागतं.

आणि हीच वही उन्हाळ्यातही कामाला येईल. पाणी किती भराभर खाली जातं, टँकर कधी मागायला हवा, हेही त्याच गाठी सांगतील.

तर मैत्रिणींनो, दोरी करायला आजचा दिवस पुरे. वीस-तीस फूट सुतळी, एक दगड आणि दर फुटावर एक गाठ. उद्या सकाळी पाण्याला जाताना पहिली मोजणी करा. नमस्कार.